खापराआडचा पाहुणा

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पुतण्याची गाडी हेदवीला आमच्या खळ्यात येऊन उभी राहिली, तेव्हा त्याची दहा वर्षांची लेक मागच्या सीटवर मांडीवर एक मोठा प्लॅस्टिकचा डबा घेऊन अवघडून बसलेली होती. ठाण्याहून निघाल्यापासून नऊ तास तिने तो डबा कुणाच्या हातात दिला नव्हता. गुहागर सोडल्यावरच्या वळणावळणांच्या रस्त्यात तिला उलट्या झाल्या, तेव्हाही नाही. तिने डबा पडवीत आणून ठेवला, झाकण काढलं आणि आम्ही म्हातारा-म्हातारी आत डोकावलो. चार बोटं पाणी आणि एक ओला पंचा, याखेरीज आत काही दिसेना.

"अगो, यात आहे काय?" हिने विचारलं.

"आहे आजी. पण तो असाच आहे. दिसतच नाही," पोरगी रडवेल्या आवाजात म्हणाली आणि तिने पंच्याचं टोक अलगद उचललं. खाली वीतभर लांबीचा, फिकट गुलाबी रंगाचा, पालीच्या ठेवणीचा एक जीव अंग चोरून बसला होता. डोक्याच्या दोन्ही बाजूंना तांबड्या पिसांसारखे तीन-तीन झुपके, चेहऱ्यावर कायमचं हसू असावं असं तोंड आणि पापण्या नसलेले टिकलीएवढे डोळे. "पाल आणलीस होय गो एवढ्या लांबून!" असं म्हणून ही जी आत गेली, ती चहाचं आधण ठेवूनच बाहेर आली.

ती पाल नव्हती. तो होता अ‍ॅक्झोलॉटल, मेक्सिकोतला एक सॅलॅमँडर. सॅलॅमँडरला मराठीत नाव नाही, कारण तो आपल्याकडे नाहीच. भारतात त्याचं घर दार्जिलिंगपासून पूर्वेकडे पसरलेल्या डोंगरांतच. दिसायला पालीसारखा असला तरी त्याचं नातं बेडकाशी. बेडूक, सॅलॅमँडर आणि पाय नसलेलं देवगांडूळ ही उभयचरांच्या कुळातली तीन भावंडं. शाळेत शास्त्र शिकवताना 'जमिनीवर व पाण्यात राहणारे ते उभयचर' ही एका ओळीची व्याख्या मी तीस वर्षं फळ्यावर लिहिली आणि पोरांनी ती तितक्याच भक्तिभावाने उतरवून घेतली. त्या ओळीने किती सांगायचं ठेवून दिलं होतं, ते मला या मे महिन्यात कळलं.

पोरीची तक्रार साधी होती. वाढदिवसाला बापाने हौसेने हा प्राणी आणून दिला. काचेच्या टाकीत प्लॅस्टिकच्या नळीचा एक तुकडा होता, त्यात तो दिवसभर शिरून बसायचा. मैत्रिणी यायच्या, "दाखव ना, दाखव ना" म्हणायच्या आणि हिला दाखवायला असायचं फक्त शेपटीचं टोक. शेवटी तिने नळी काढून टाकली. वर एक छोटा दिवाही लावला, म्हणजे नीट दिसेल. दिसला खरा! दोन दिवस तो काचेच्या या टोकाकडून त्या टोकाकडे धावत राहिला, मग गाळणीच्या यंत्रामागच्या फटीत डोकं खुपसून बसला आणि त्याने खाणं सोडलं. आठ दिवस झाले होते. सुट्टीत महिनाभर त्याला ठाण्यात बघणार कोण, म्हणून तो आमच्याकडे आला होता.

"आजोबा, तो माझ्यावर रागावलाय. त्याला मी आवडतच नाही."

आता यावर काय उत्तर द्यायचं? आमच्या पिढीला कुत्रा-मांजर ठाऊक. कुत्रा शेपूट हलवतो, मांजर पायात घुटमळते. माणसापुढे येणं म्हणजे जीव लावणं आणि आड जाणं म्हणजे रुसणं, हा हिशेब आपण सगळ्याच प्राण्यांना लावतो. घरात आलेला पाहुणा खोलीतून बाहेरच येईना तर आपण काय समजू? तेच ती समजत होती.

पहिला प्रश्न राहण्याचा होता. मी मोठ्या उत्साहाने माळ्यावरचं आजीच्या वेळचं तांब्याचं घंगाळ काढलं, घासूनपुसून लख्ख केलं. पुतण्याने मोबाईलमध्ये डोकं घातलं आणि ओरडला, "काका, तांबं नको! मरेल तो!" आमच्या घरी तांब्याच्या भांड्यातलं पाणी म्हणजे आरोग्य. पण तांब्याचा जो अंश पाण्यात उतरतो तो या जातीच्या प्राण्यांना विष ठरू शकतो, कारण पाण्यात जे असेल ते त्यांच्या कातडीतून आणि कल्ल्यांतून आत जातं. शहरातल्या नळाच्या पाण्यातला क्लोरीनही त्यांना असाच बाधतो. निदान त्या बाबतीत आमची विहीर निर्दोष. मग हिने मागच्या पडवीतला रुंद तोंडाचा मातीचा डेरा दिला. तो घरातल्या सगळ्यांत काळोख्या आणि गार जागी, म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत ठेवला. त्या खोलीत माझ्यासकट आमच्या घरातली दोन पिढ्यांची पोरं जन्मली, आता हा परदेशी पाहुणा तिथे उतरला. एक फुटकं मडकं होतं, त्याचं अर्धं खापर घेऊन पोरीने कडा दगडावर घासून गुळगुळीत केल्या आणि ते डेऱ्याच्या तळाशी पालथं घातलं. पाच मिनिटांत पाहुणा खापराआड गेला. शेपूटसुद्धा दिसेना.

अडचण उन्हाची होती. या प्राण्याला सोळा ते अठरा अंशांचं पाणी मानवतं, चोविसाच्या वर गेलं की त्याची तब्येत बिघडायला लागते. कोकणातल्या मे महिन्यात चोवीस अंशाचं पाणी आणायचं कुठून? दमट हवेत मातीचं भांडंही फारसं गार होत नाही. मग शीतपेटीत पाण्याच्या बाटल्या गोठवून त्या झाकणासकट डेऱ्यात तरंगत सोडायच्या, असा क्रम सुरू झाला. आमच्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, म्हणून मासळीच्या बर्फाची सोय करून ठेवली. मासे न खाणाऱ्या घरात मासळीचा बर्फ आला तो असा. थंडगार सरोवराच्या या जिवाला ठाण्यात किंवा हेदवीत आणून ठेवणं मला पटलेलं नाही, हे मी पुतण्याला तोंडावर सांगितलं. पण आलेल्या जिवाची सोय पाहणं भाग होतं.

दोन दिवस पोरगी डेऱ्याशेजारी पाट टाकून बसून राहिली. तिसऱ्या रात्री दहाच्या सुमारास, बॅटरीच्या काचेवर लाल कागद लावून आम्ही दोघं हळूच गेलो. पाहुणा खापराबाहेर आला होता. चार बोटांचे पुढचे पाय टेकत, एखादा वृद्ध गृहस्थ जेवणानंतर अंगणात शतपावली घालतो तसा तळावरून चालत होता. आगरातून खणून, धुऊन आणलेलं गांडूळ तिने चिमट्याने पुढे धरलं. क्षणभर काही नाही. मग गपकन आवाज झाला आणि गांडूळ नाहीसं झालं. पोरीने माझा दंड इतका जोरात दाबला की सकाळी वळ दिसत होता.

तेव्हापासून मी या लपण्याच्या मागे लागलो. मुलांना समजावण्याआधी आपल्याला समजायला हवं, ही मास्तरकीची खोड.

पहिली गोष्ट कातडीची. आपली कातडी म्हणजे रेनकोट, आतलं पाणी आत आणि बाहेरचं बाहेर. बेडूक-सॅलॅमँडरांची कातडी म्हणजे ओलं मलमलीचं फडकं. त्यातून हवा आत येते, पाणीही येतं-जातं. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, ओल्या जागी पोट टेकून बसतो आणि कातडीतून पाणी शोषतो. अमेरिकेत सॅलॅमँडरांचं सगळ्यांत मोठं कूळ आहे, त्यातल्या प्राण्यांना फुप्फुसंच नाहीत. ते नुसत्या कातडीने आणि तोंडाच्या आतल्या अस्तराने श्वास घेतात. अशा प्राण्याने भर उन्हात, वाऱ्यावर येऊन बसणं म्हणजे माणसाने नाक दाबून बसण्यासारखं. कातडी सुकली की श्वास थांबला. तेव्हा ओला पालापाचोळा, कुजकं लाकूड, दगडाखालची सांद हे त्यांचं छप्पर तर आहेच, एका अर्थी श्वास घेण्याची जागाही तीच.

आमचा अ‍ॅक्झोलॉटल तर जन्मभर पाण्यातच राहणारा, त्याला सुकण्याचं भय नाही. बाकीचे पुष्कळसे सॅलॅमँडर मोठे होताना कल्ले टाकून जमिनीवर येतात, हा मात्र लहानपणाचे कल्ले म्हातारपणापर्यंत मिरवतो. मग तो का लपतो? त्याला पापण्या नाहीत, हे एक. आपण झगझगीत उजेडात डोळे मिटून घेतो, त्याला मिटायला काही नाही. काळोख हीच त्याची पापणी. पोरीने टाकीवर दिवा लावला तेव्हा तिने नकळत त्याचे डोळे सताड उघडे धरून ठेवले होते. दुसरं म्हणजे वरून येणारं मरण. उथळ पाण्यातल्या फिकट, मऊ, ना काटा ना कवच असलेल्या प्राण्याला बगळ्याच्या चोचीपासून वाचवायला आडोशाखेरीज दुसरं काय आहे? आणि तिसरं, मला सगळ्यांत आवडलेलं कारण स्पर्शाचं. या प्राण्यांपैकी पुष्कळांना अंगाला सगळ्या बाजूंनी काहीतरी टेकलेलं हवं असतं. पाठ वर दगडाला, पोट खाली मातीला टेकलं की ते निवांत होतात. मोकळ्या जागेत त्यांना स्वस्थता नाही. तान्ह्या बाळाला आपण घट्ट दुपट्यात गुंडाळतो, तेव्हा ते रडायचं थांबतं, तसंच काहीसं.

म्हणजे खापराआड गेलेला पाहुणा घाबरलेला नव्हता, तो घरी पोचला होता. नळी काढलेल्या टाकीत सारखा धावत होता तो घाबरलेला. पोरीच्या मैत्रिणींना त्या धावण्याचं फार कौतुक वाटलं होतं, 'किती खेळतोय बघ' म्हणून. हे प्राणी पाळणारे अनुभवी लोक सांगतात की आडोसे जितके जास्त, तितका प्राणी बाहेर अधिक येतो. हाकेच्या अंतरावर घर आहे याची खात्री असली की पोरं अंगणात लांबवर खेळतात, त्यातलाच प्रकार. लपणं आणि आजारपण यांत गल्लत करू नये म्हणून खुणाही त्यांनी सांगून ठेवल्या आहेत. दिवसा लपून रात्री फिरत असेल, खात असेल, तर काळजी नको. पण कल्ल्यांचे झुपके पुढच्या बाजूला वळले, अन्न तोंडाशी नेलं तरी नाकारलं, उगाचच पाण्यावर तरंगू लागला, तर आधी पाणी आणि त्याची उष्णता तपासायची. आमच्याकडे आला तेव्हा त्याचे झुपके पुढे वळलेले होते. आठवड्याभरात ते मागे, सरळ झाले. पोरीने वहीत रोज त्यांची चित्रं काढली होती, त्यामुळे हे पुराव्यानिशी सांगता येतं.

या प्राण्याच्या नावातच लपण्याची गोष्ट आहे. मेक्सिकोच्या जुन्या अ‍ॅझ्टेक लोकांत शोलोट्ल नावाचा एक देव होता. सूर्य आकाशात चालू लागावा म्हणून सगळ्या देवांनी आपले प्राण द्यायचे ठरले, तेव्हा हा देव पळाला. आधी मक्याच्या शेतात शिरून दोन धाटांचा मका झाला, तिथे ओळखला गेला. मग घायपाताच्या बनात दुहेरी घायपात झाला, तिथेही सापडला. शेवटी पाण्यात शिरून अ‍ॅक्झोलॉटल झाला. तिथे मात्र त्याला पकडलं आणि मारलं. मरणाच्या भीतीने लपलेल्या देवाचं हे रूप १८६४ मध्ये युरोपात पोचलं. मेक्सिकोहून चौतीस प्राणी पॅरिसला नेले गेले आणि तिथून त्यांची पैदास जगभरच्या प्रयोगशाळांत आणि पुढे काचेच्या टाक्यांत पसरली. आज टाक्यांतून ते उदंड आहेत, आणि त्यांच्या मूळ घरी, मेक्सिको शहराजवळच्या शोचिमिल्कोच्या कालव्यांत, नामशेष होण्याच्या काठावर आहेत.

युरोपातली गोष्ट वेगळीच. तिथे सॅलॅमँडर आगीत जन्मतो आणि आगीत जळत नाही, अशी शेकडो वर्षांची समजूत. इटलीचा प्रसिद्ध सोनार-शिल्पकार बेन्वेनुतो चेल्लिनी याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे की, तो पाचेक वर्षांचा असताना बापाने त्याला शेगडीच्या निखाऱ्यांत सॅलॅमँडर दाखवला आणि खाडकन थोबाडीत मारली. चूक काही नव्हती, पाहिलेलं जन्मभर लक्षात राहावं म्हणून. मग रडणाऱ्या पोराच्या हातावर नाणी ठेवली. या साऱ्या समजुतीचा उगम लपण्यातच असावा असं मानतात. हिवाळ्यात सॅलॅमँडर ओंडक्याच्या ढोलीत निजून राहतो, ओंडका चुलीत जातो, धग लागली की तो जिवाच्या आकांताने बाहेर पडतो आणि बघणाऱ्याला वाटतं, हा आगीतूनच जन्मला! जळत्या घरातून बाहेर पळणाऱ्याला आपण अग्नीचा पुत्र ठरवून मोकळे झालो.

पोरीला हे सगळं सांगितलं, तर तिला चेल्लिनीची थोबाडीत फार आवडली. "म्हणजे माझ्या पण लक्षात राहायला तुम्ही मला मारणार?" मी म्हटलं, नको, त्यापेक्षा चल बामणघळीवर.

हेदवीला दशभुज गणपतीच्या दर्शनाला येणारे लोक बामणघळ पाहिल्याशिवाय जात नाहीत. उमामहेश्वराच्या देवळाजवळ कातळाला पडलेली ती अरुंद चीर, भरतीला त्यात लाट घुसली की पाणी उसळून उंच उडतं. आम्ही मुद्दाम ओहोटीला गेलो. घळीपासून जपून, लांबच्या कातळावर बसलो. समोर उघडे पडलेले खडक, त्यांत साचलेली डबकी, सगळं कसं रिकामं. "हलू नको, सावली पाडू नको," एवढंच सांगितलं. पाचेक मिनिटांत एका फटीतून खेकड्याचा डोळा वर आला, मग आणखी एक. डबक्यात तळाच्या रंगाचे मासे होते, ते हलल्यावर दिसले. दहाव्या मिनिटाला सगळा कातळ चालायला लागला. पोरीला शिंक आली आणि क्षणात सगळं पुन्हा रिकामं.

"आजोबा, म्हणजे सगळेच लपतात?"

सगळेच. आमच्या न्हाणीघरात उन्हाळाभर एक झाडबेडूक मुक्कामाला असतो. चुलाण्यामागच्या ओल्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन असा बसतो की भिंतीला गिलाव्याचा पोपडा सुटलाय असं वाटावं. ही त्याला केरसुणीने बाहेर घालवते, रात्री तो परत. यंदा पोरीच्या सांगण्यावरून केरसुणी आवरली गेली. आणि मागे सड्यावर जो अफाट जांभा पसरलेला आहे, जिथे मे महिन्यात पाय ठेवला तर चटका बसतो, तिथे पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री हजारो बेडूक एकदम ओरडू लागतात, ते काही आभाळातून पडत नाहीत. वर्षाचे सात-आठ महिने ते खालीच असतात. काही जातींच्या मागच्या पायांना फावड्यासारखा टणक उंचवटा असतो, त्याने माती सारत ते उलटे, पाठीमागून जमिनीत उतरतात. बाकीचे जांभ्याच्या सुट्या दगडांखाली, गडग्यांच्या फटींत असतात.

किती जीव असे आपल्या नजरेआड असतात, याचा हिशेब अमेरिकेत एका जंगलात कुणी मांडला होता. न्यू हॅम्पशर राज्यातल्या हबर्ड ब्रूकच्या जंगलातले सॅलॅमँडर मोजून १९७५ मध्ये असं सांगितलं गेलं की, त्यांचं एकूण वजन तिथल्या पक्ष्यांच्या ऐन विणीच्या हंगामातल्या एकूण वजनाच्या सुमारे दुप्पट भरतं. पक्षी सगळ्यांना दिसतात, ऐकू येतात. त्यांच्या दुपटीने असलेलं हे जग पाचोळ्याखाली निमूट नांदत असतं.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातही असं एक गाव आहे, डोर्ले. तिथून १९६३ मध्ये पांढऱ्या पट्ट्यांच्या एका पालीची शास्त्राला पहिल्यांदा ओळख झाली. ती सड्यावरच्या दगडांखाली राहणारी. त्याच गावातून २००३ मध्ये एका देवगांडुळाची नवी जात नोंदली गेली, तिला या प्राण्यांचे अभ्यासक शेषाचार यांचं नाव दिलं. पुढे डॉ. वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की हे देवगांडूळ अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देतं. आशिया खंडातल्या उभयचरांत हे तोवर कुणाला ठाऊक नव्हतं. रत्नागिरीच्या मातीत, दगडांखाली, हातभर खोलीवर ही बाळंतपणं होत होती, आणि आम्हाला पत्ता नाही!

पत्ता नाही हे तरी कसं म्हणू? देवगांडूळ मी लहानपणापासून पाहिलेलं आहे. पाहिलेलं म्हणजे मारलेलं. आगरात आळी खणताना, शेणखताचा ढीग उकरताना गडद रंगाचं, तुळतुळीत, अंगावर वळ्यावळ्यांचं काहीतरी वळवळत बाहेर यायचं. 'दुतोंड्या' म्हणून कुणीतरी ओरडायचं आणि मी फावड्याचा घाव घालायचो. त्यात मर्दुमकी वाटायची. हा प्राणी साप नाही, त्याच्या दंशाने माणूस दगावत नाही, गांडुळं आणि वाळवी खाऊन तो मातीतच राहतो, त्याचे डोळे कातडीखाली झाकलेले आणि नाकाजवळ दोन्ही बाजूंना इवल्याशा संवेदक मिशा, त्यांनी चाचपत चाललेला असतो. त्याच्या काही जातींत आई अंड्यांभोवती वेटोळं घालून राखण करते. यातलं काहीही मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि शास्त्राचा मास्तर झाल्यावर मी जाणून घेतलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, एका रात्रीच्या जोरदार सरीनंतर, गडी केळीच्या बुंध्याशी खत घालत होता. पोरगी त्याच्या मागे उभी होती. "साप! साप!" त्याने फावडं उचललं. ती किंचाळली, "काका, थांबा, वळ्या आहेत त्याला!" वह्यांतली चित्रं काढता काढता तिने माझ्याकडून देवगांडूळ ऐकलेलं होतं. मी धावत पोचेपर्यंत फावडं खाली आलेलं होतं, जरा बाजूला. शेपटाकडचा बोटभर भाग तुटला होता. उरलेलं अंग मातीत डोकं खुपसून आत शिरत होतं, ते आमच्या डोळ्यांदेखत दिसेनासं झालं. जगलं की नाही, कोण जाणे. गडी खजील होऊन म्हणाला, "मास्तर, तुम्हीच तर दाखवलं होतंत मारायला." मी काय बोलणार?

त्या संध्याकाळी पोरीने विचारलं, "आपण माझ्या अ‍ॅक्झोलॉटलला विहिरीत सोडूया? तिथे गार आहे, काळोख आहे, तो सुखात लपेल." विचार दयाळूपणाचा होता, आणि तितकाच घातक. विहिरीचं पाणीही त्याला मानवेल इतकं गार नव्हे, हे झालंच. पण त्याहून मोठी भीती रोगाची. परदेशी प्राण्यांच्या व्यापारातून उभयचरांच्या कातडीला जडणाऱ्या बुरशा देशोदेशी पोचल्या आहेत. अशीच एक बुरशी २०१३ मध्ये ओळखली गेली, तिने नेदरलँड्समधले काळ्या-पिवळ्या रंगाचे अग्नि-सॅलॅमँडर जवळजवळ संपवले. ती आशियातून, पाळीव प्राण्यांबरोबर तिथे गेली असावी असं मानतात. कातडीने श्वास घेणाऱ्याची कातडी सडली, तर राहिलं काय? तेव्हा टाकीतला प्राणी सोडाच, टाकीतलं पाणीसुद्धा ओढ्या-विहिरीत ओतू नये. आम्ही डेऱ्याचं पाणी पहिल्या दिवसापासून पऱ्यापासून लांब, उन्हात तापलेल्या कातळावर टाकत होतो.

पुतण्याला मी आणखी एक विचारलं, याची नोंद केलीस का? आंतरराष्ट्रीय करारात संरक्षण असलेले परदेशी प्राणी घरात असतील तर वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते, आणि अ‍ॅक्झोलॉटल त्या यादीत आहे. त्याने आधी विषय बदलला, मग दुकानदाराने काही सांगितलं नव्हतं म्हणाला, मग रात्री मोबाईल घेऊन कागदपत्रं शोधत बसला.

ती माणसं जूनच्या दहा तारखेला गेली. डबा पुन्हा मांडीवर, त्यात गोठवलेली बाटली आणि ते अर्धं खापर. जाण्याआधी पोरीने मला गडग्यापाशी नेऊन उभं केलं. आगराच्या वरच्या अंगाला नवी कलमं लावायची म्हणून सड्यावरचे सुटे दगड गोळा करून गडगा चढवायचं माझं गेल्या वर्षीपासून ठरलेलं होतं. खड्डे मारायला जेसीबी सांगून ठेवला होता. आमच्या पंचक्रोशीत सगळ्यांनीच असं केलं आहे, कातळ फोडून त्यात माती भरायची आणि हापूस लावायचा. त्यावर घरं चालतात, त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. भाजावळीसाठी पातेरा जाळतो, त्यातही काय काय जळत असेल, ते आता डोळ्यांपुढे येतं आणि काठी घेऊन ढीग आधी हलवून घ्यावासा वाटतो. पोरगी म्हणाली, "तुम्ही हे दगड उचलणार?" मी म्हटलं, बघू.

जेसीबीवाल्याला सध्या पावसामुळे काम नाही म्हणून त्याने दोनदा फोन केला. मी दसऱ्यानंतर बघू म्हणालो आहे. कलमं पन्नासऐवजी तीस लावावीत आणि वरचा कातळाचा पट्टा तसाच ठेवावा, असं ही म्हणते. हिचं म्हणणं तोट्याचं आहे. पण घरात या गोष्टीवर भांडण झालेलं नाही, हे मात्र नोंदवायला हवं.

परवा रात्री ठाण्याहून फोन आला.

"आजोबा, आज माझ्या तीन मैत्रिणी आल्या होत्या."

"मग? दिसला का त्यांना?"

"नाही. मी त्यांना खापर दाखवलं. त्या म्हणाल्या, आम्ही थांबतो. साडेआठपर्यंत थांबल्या, मग त्यांच्या आया न्यायला आल्या."

"आणि तो?"

"तो पावणेनऊला आला बाहेर," ती म्हणाली, आणि पलीकडे ती किती तरी वेळ हसत होती.